मालकाला खेटून सायकल चालवणारा पुढारी

“मालकाच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नकोस!” अण्णा ओरडत होते. विमानतळाकडे निघालेली माझी टॅक्सी शिरोली नाका ओलांडून गेली तरी त्यांचा आवाज मागच्या काचेवर दगडासारखा आदळत होता. आईही काहीतरी सांगत होती म्हणे. त्या गोंगाटात ऐकू कुणाला येणार?

अण्णा, म्हणजे माझे वडील, फाउंड्रीतल्या युनियनचे पुढारी. गेटवर घोषणा सुरू झाल्या की आतली भट्टी थंड पडायची आणि मालकाचा कुत्रा रजा टाकायचा. वाटाघाटींना ते कधी एकटे गेले नाहीत. मालकासोबत चहा घेताना दिसलेला पुढारी दुसऱ्या दिवशी पुढारी राहत नसे, ही आमच्याकडची रीत.

इथे, डचांच्या देशात, चीज पॅक करणारी मशिनं बनवणाऱ्या कारखान्यात मी प्रोग्रॅमर झालो. पहिल्याच दिवशी डायरेक्टर स्वतः कॉफी घेऊन आला. मालक कॉफी वाहतो? मी ती गुपचूप कुंडीत ओतली. शपथेवर सांगतो, ते झाड आता छताला टेकलंय.

मग ऑर्डरी आटल्या. आमच्या हॉलमधला एक माणूस जाणार अशी कुणकुण लागली. सगळ्यांत शेवटी आलेला मी, आणि माझं इथे राहायचं परमिट याच नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली की नीउ-व्हेनेप गावातलं भाड्याचं घर, बायकोचं, स्नेहलचं, नुकतं लागलेलं काम, मराठीत विचारलं तरी डचमध्ये उत्तर देणारी लेक, सगळा बाडबिस्तरा कोल्हापूरला. आमच्या वतीनं बोलणार कोण? तर हेंक, कामगार समितीचा अध्यक्ष, मशिनं जोडणाऱ्या असेंब्ली विभागातला साठीचा गडी.

हाच हेंक मला कालव्याकाठी दिसला. डायरेक्टरच्या कोपराला कोपर लावून सायकल हाणत होता. खिदळत! सौदा झाला, मी ओळखलं. तिकडच्या मित्रांनो, तुम्हीही हेच ओळखलं असतंत.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी खुर्चीवर चढलो. “हा हेंक विकला गेलाय! मालकाबरोबर सायकलवर कसली खलबतं चालतात?”

कोल्हापुरात एव्हाना टेबलं उलटली असती. इथे एकानं माझ्या पायाजवळचा ताकाचा ग्लास तेवढा बाजूला सरकवला. हेंकनं तोंडातला घास संपवला.

“ऑफिसात तो फोन बघत बसतो. सायकलवर ऐकतो. तुझ्या नोकरीचं बोलत होतो. राहिली ती.”

मी खुर्चीवरून उतरलो. संशय मात्र उतरेना.

इथे आलेल्यांनो, घर म्हणजे काय विचाराल, तर जिथे कुणावर संशय घ्यायचा हे झोपेतही पाठ असतं ते. त्या हिशेबानं कोल्हापूर अजून घर आहे, आणि इथे मी रोज नव्यानं चाचपडतोय. फुकटात कुठला मालक कुणाची नोकरी राखतो?

संध्याकाळी सायकल-स्टँडवर हेंकला गाठलंच. “खरं सांग, माझ्याऐवजी कुणाचा बळी दिलास?”

त्यानं कुलूप काढलं.

“मीच जातोय. बोट रंगवायची राहिलीय.”