वरची छत्री, खालची गोधडी

चांद्यापासून मोहर्लीपर्यंत धुराचा स्वभाव ओळखणारा माणूस एकच, आणि तो म्हणजे माझ्या दोस्ताचा मामा. निदान मामाचं तरी असंच म्हणणं होतं. उन्हाळ्यात मोहफुलं वेचायला लोक झाडांखालचा पाला जाळायचे, जंगलभर धूर व्हायचा आणि मामा हातातलं जाळं टाकून तळ्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चढायचा. एक डोळा बंद, नाक वर, थुंकी लावलेलं बोट हवेत. (ही नक्कल मी वर्गात केली की मास्तरसुद्धा हसायचे.) मग निकाल यायचा, "वरचा धूर म्हंजे छत्री, उन्हाले अडवते. खालचा धूर म्हंजे गोधडी, उन्ह पिऊन आपल्याच अंगावर तापते." गोधडीच्या दिवशी तो शेजाऱ्यांच्या चुली विझवत फिरायचा. एक बाई कावली, "मामा, पोरं उपाशी राह्यतीन ना." मामा म्हणाला, "उपाशी राह्यतीन, पन शिजनार तं नाई."

त्याच्या पोरीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी मात्र हसायची सोय नव्हती. तळं आटून एक डबकं उरलेलं, आणि वरातीच्या जेवणाचे सगळे मासे त्यातच. आज काढावे तर उद्यापर्यंत नासणार, ठेवावे तर पाणी तापून राह्यलेलं. त्यात व्याही असे की जेवणावरून आधीची एक सोयरीक मोडून आलेले. दुपारी मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. मामानं छत्री करायची ठरवली. पाळीवर ओला पाला रचून पेटवला. पण वारा पडलेला. धूर माणसाच्या डोक्याइतका चढला, थबकला आणि डबक्यावर पसरून बसला. आमचे जीव भाजून निघाले. दोन मासे उलटे झाले.

मामी खोकत म्हणाली, "हे छत्री होय का गोधडी?"

मामानं आग मातीनं दाबली, डबक्याकडे पाहिलं, मग घराकडे.

"मांडव सोडा."

"लग्नाआंधी मांडव सोडते का कोनी? येडे झाले का तुमी?" मामी ओरडली.

"मासे मेले तं लगन तरी कुठी हाय?"

मग मांडवाचे बांबू, जांभळीच्या डहाळ्या, सगळं आम्ही पळत आणलं. डबक्यावर सावली धरायला मामा मांडीभर चिखलात उभा राहून बांबू रोवत होता आणि नवरीच, हळदीच्या अंगानं, पाळीवरून एकेक डहाळी त्याच्या हातात देत होती. ऊन कललं तेव्हा मासे खाली गेले.

दुसऱ्या दिवशी वरात उघड्या अंगणात येऊन उभी राहिली. वरबाप म्हणाला, "मांडव कुठी हाय जी?"

मामानं एक डोळा बंद केला, नाक वर. दूरच्या वणव्याचा धूर रातोरात उंच चढून पसरला होता. सूर्य तांब्याच्या ताटलीसारखा, बिनधारेचा. "हा काय," मामा म्हणाला, "यंदा जिल्ह्याएवढा घातला."

वरबाप वर पाहत राहिला, मग मिशीत हसला आणि पंगतीला बसला. मासे पुरले.

दिवस कलता नवरीची बैलबंडी निघाली. पाळीच्या वळणावर ती दिसेनाशी झाल्यावरही मामा तिथंच उभा होता, दुपट्ट्यानं डोळे चोळत. "धूर खाली आला वाटते," तो म्हणाला. धूर होता तिथंच उंच होता. आसपास एक चूल पेटलेली नव्हती. जन्मभर त्याचा प्रत्येक निकाल खोडून काढणारी मामी त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "हो जी. आलाच हाय."