घरी परत पाठवलेला शिष्य

हैदराबादेत हिंदुस्थानची फौज आली, त्यानंतर महिन्याभराने वडिलांनी कपाटाच्या किल्ल्या आईसमोर ठेवल्या आणि म्हणाले, "मी जातो." हातातल्या पिशवीत धोतर, तांब्या आणि पुस्तक होतं.

आई चुलीपुढे बसली होती. "परत कधी?"

"परत नाही."

"त्या पाद्रीबाबांकडे?"

"हो."

आई किल्ल्यांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "घरातली चिंच संपलीय. हंडा घासायला एक बुटूक नाही. तेवढी आणून टाका आणि मग जा कुठं जायचं ते."

वडील तसेच बाहेर पडले. आईने मला बोलावलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते. "त्यांच्या मागं जा. कुठवर जातात बघ. हाक मारू नकोस."

वडील वारले त्याला आता दोन महिने झाले. एवढ्या वर्षांत मी शाळेत शिकवलं, पुष्कळ वाचलं, पण ही हकीकत लिहायला बसले नव्हते. आता बसले आहे, आणि एका दिवसात चारपाच ओळींच्या पुढे सरकत नाही.

वडील महसूल कचेरीत कारकून होते. त्यांचं उर्दू अक्षर चांगलं होतं, म्हणून नारायणगुड्याचे एक पाद्री आपले अर्ज त्यांच्याकडून लिहून घेत. बदल्यात त्यांनी वडिलांना येशूच्या चरित्राची उर्दू प्रत वाचायला दिली. वडिलांनी ती कचेरीतल्या कागदपत्रांची मिसल वाचावी तशी वाचली, समासात बारीक खुणा करत. त्या वर्षी उन्हाळ्यात खेड्यांतून घाबरून पळालेली आपली माणसं पाद्रींच्या आवारात उतरली होती. पावसाळा सरल्यावर तशीच घाबरलेली मुसलमान कुटुंबं आली. दोन्ही वेळा पाद्रींनी एकाच माठातलं पाणी दिलं. वडील हे घरी येऊन सांगत.

पुस्तकात त्यांना कोळ्यांची गोष्ट सापडली होती. येशूने बोलावलं, त्यांनी जाळी तिथंच टाकली आणि त्याच्यामागून निघाले. वडिलांचा सगळा जन्म हुकुमांवर गेलेला. हुकूम आला की त्याच दिवशी अंमल करायचा, एवढंच त्यांना ठाऊक. आपल्यालाही बोलावणं आलंय अशी त्यांची खात्री झाली, आणि घर म्हणजेच आपलं जाळं, असा त्यांनी अर्थ लावला.

गौलीगुड्यातल्या आमच्या घरापासून नारायणगुड्यापर्यंत मी वीस पावलांचं अंतर ठेवून चालले. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही. वाटेत मला रडू येत होतं, पण हाक मारायची नाही असं बजावलेलं होतं.

आवारात पाद्री धोतर खोचून माठ धूत बसले होते. वडिलांनी पिशवी खाली ठेवली आणि हात जोडले.

"क्या मुनशीजी, घर में बोल को आए?"

"किल्ल्या देऊन आलो. सगळं सोडलं."

पाद्री हसले. आमच्याशी ते दखनी आणि मराठी मिसळून बोलत. "मासे पकडना आता क्या तुमको?"

"नाही."

"मग जाळं कुठलं टाकून आलात? तो पीछे कौन खडी है, जरा देखो."

वडील वळले. मी फाटकाशी उभी होते. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला लिहिता येत नाही.

पाद्रींनी मला जवळ बसवून पाणी दिलं. मग वडिलांना म्हणाले, "त्याच पुस्तकात आणखी एक माणूस आहे. त्याला येशूने बरं केलं. येशू होडीत चढायला निघाला, तेव्हा तो माणूस मलाही घेऊन चला म्हणाला. येशूने त्याला नाही म्हटलं. घरी जा, तुझ्या माणसांना सांग काय झालं ते. ओ पन्ना छोड दिए क्या, मुनशीजी?"

वडिलांनी कधी पान सोडलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "वाचलं होतं. मला वाटलं, ते दुसऱ्या कुणासाठी आहे."

"दूर जाणं सोपं आहे. घरी राहून त्याच्यामागं चालून दाखवा. नंतर बाप्तिस्म्याचं बघू."

परतीच्या वाटेवर वडिलांनी माझा हात धरला होता. बेगम बाजारात ते थांबले आणि त्यांनी चिंच घेतली. घरी आल्यावर आईने पुडी उघडून बघितली. "जुनी दिली त्याने," एवढंच म्हणाली, आणि किल्ल्या त्यांच्या पुढ्यात सरकवल्या.

वर्षाने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. काकांनी श्राद्धाला बोलावणं बंद केलं. एकदा रस्त्यात गाठून म्हणाले, "काय रे, पावबिस्किटासाठी गेलास म्हणे?"

"चहा पण देतात," वडील म्हणाले. "येतोस?"

आईने भांडण केलं नाही. त्यांचं ताट वेगळं काढून ओसरीवर वाढलं. ते जेवून आपलं ताट आपण घासू लागले. आमच्या घराण्यात कुठल्या पुरुषाने तोवर ताट घासलं नव्हतं. शिवाय रोज पहाटे ते नळावरून पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा भरून आणू लागले. ते कचेरीला गेले की आई ते पाणी धुण्याच्या बादलीत ओती, हंडा चिंचेने घासून लख्ख करी, आणि सोवळ्याने पुन्हा भरून आणी. वडिलांना हे माहीत होतं. आमच्या घरी चिंच फार लागे, आणि बेगम बाजारातून ती आणत वडीलच. एकदा मी चिडून विचारलं, "कशाला भरता मग?" ते म्हणाले, "अगं, तिचा एक हेलपाटा तरी वाचेल कधीतरी."

असं सात वर्षं चाललं.

मग आईला ताप आला. चार दिवस ती उठली नाही. चौथ्या दिवशी वडील कचेरीला गेल्यावर तिने पाणी मागितलं. मी रिवाजाप्रमाणे हंडा ओतायला कलता केला.

"ओतू नकोस. त्यातलंच दे."

"आई, हा बाबांनी भरलाय."

"कुणी भरलाय ते मला ठाऊक आहे. सात वर्षं बघतेय."

दोन फुलपात्री पाणी ती प्यायली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. संध्याकाळी मी वडिलांना ओसरीवर गाठून सांगितलं. बराच वेळ ते चपला काढायचे विसरून उभे होते. मग विचारलं, "गार होतं का पाणी?"

त्यानंतर आमच्या घरची चिंच इतरांच्या घरच्यासारखी पुरू लागली. आई तिच्या देवांपाशी राहिली, वडील दर रविवारी प्रार्थनेला जात राहिले. मी दोन्हींच्या मधे वाढले. मला कुठलंच बोलावणं ऐकू आलं नाही, पण ज्याला आलं त्याच्या घरात मी राहिले, आणि ज्याने त्याला घरी परत पाठवलं त्या माणसाची मी ऋणी आहे. आईचीही आहे. त्या दिवशी तिने त्यांना अडवलं नाही, फक्त चिंच आणायला सांगितली आणि मला मागून पाठवलं.

आई आधी गेली. आता वडीलही नाहीत. हंडा माझ्या स्वयंपाकघरात आहे. सकाळी नळाला पाणी आलं की मी तो भरते.