आधी समद्यांशी बोलायचं

नववीतून शाळा सोडून मी उमरीहून लातूरला डाळमिलात कामाला आलो. शेजारच्या खोलीतले टेम्पोवाले मामा मोबाइलवर जुना जपानी गेम खेळायचे. त्यातली माणसं ठिपक्यांची. गेममध्ये नवं गाव लागलं की मामा लढाई सोडून घरोघरी हिंडत, प्रत्येकाशी बोलत. गेममधलं इंग्रजी त्यांना अर्धंच कळायचं.

“मामा, राक्षस कधी मारणार?”

“आधी समद्यांशी बोलायचं. न्हाईतर वाट सापडत न्हाई बाबा.”

इथं माझ्या ओळखीचं कुणीच नव्हतं. घाबरून एक दिवस मी गावी परत जायला पिशवी भरली. मामा रागावले नाहीत. त्यांनी गल्लीत नेऊन चहावाला, पिठाच्या गिरणीवाली, मिलचा मुकादम, सगळ्यांशी मला बोलायला लावलं.

पिशवी परत खुंटीला लागली. अजूनही नवा माणूस दिसला की बिचकतो, पण आधी मीच बोलतो.