मुठीतलं घुंगरू

आर्णीला आमच्या गल्लीतून एसटीतले एक रिटायर काका रोज सकाळी कुत्रा फिरवायचे. कुत्रा गावठीच, पण गळ्यात पितळेचं घुंगरू. दारातली रांगोळी आली की काका साखळी आखडायचे. कोणाच्या ओट्यावर न विकलेला कापूस पडून असला, तर कुत्र्याला चक्क कडेवर घ्यायचे. त्यानं घाण केली, तर खिशातल्या कागदानं स्वतः उचलायचे. आम्ही हसायचो. ते ढुंकूनही पाहायचे नाहीत.

आणि ज्या घरचा माणूस गेलेला असायचा, त्या दारासमोर ते वाकून घुंगरू मुठीत धरायचे. तसेच वाकून चालायचे. घर मागे पडलं की मगच मूठ सोडायचे.

विचारलं तर म्हणायचे, "लोकाइच्या घरी रडणं चालू हाय, अन् आपण वाजवत कायले जावं?"

कापसानं माणसं खाल्ली, ती ही वर्षं. गल्लीत बहुतेक शेतीवालेच, आणि फवारणीचं औषध घरोघरी. काकांचं वाकणं वाढत गेलं.

एका सकाळी कुत्र्याचा गळा मोकळाच दिसला.

"काका, घुंगरू काहून काढलं तुमी?"

त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं.

"कोणत्या दारासमोर वाजवू बाप्पा? तूच सांग."