पिकअपला दम भरताना

माझ्या विहीणबाई मला दर गुरुवारी पसरणीच्या घाटात मागं टाकायच्या. अगदी रीतसर, उजवीकडून, हॉर्न वाजवून आणि वर खिडकीतून हात हलवून.

माझी मुलगी सांगलीला दिली आहे. तिच्या सासरी बेदाण्याचा धंदा. जावईबापू दर गुरुवारी नव्याकोऱ्या पिकअपमधून पाचगणीच्या दुकानांना बेदाणे पोचवतात, आणि शेजारच्या सीटवर विहीणबाई असतात, हवापालटाला म्हणून. इकडं वाईला माझ्या सुनेची रोपवाटिका. मुलगा फौजेत, त्यामुळं रोपंही तिची आणि पिकअपही तिचीच. ही पिकअप माझ्या गुडघ्यांच्या वयाची नसली तरी त्याच तब्येतीची. गुरुवारी पाचगणीच्या एका हॉटेलातल्या सुकल्या कुंड्या उचलायच्या आणि फुललेल्या ठेवायच्या, तेही पाहुणे नाश्त्याला बाहेर यायच्या आत. शेजारच्या सीटवर मी, कुंड्यांवर लक्ष ठेवायला. खरं सांगायचं तर मलाही हवापालटच.

चार-पाच महिने झाले, घाटाच्या दुसऱ्या वळणाला आमची पिकअप धापा टाकायला लागायची. मागं काळा धूर, पुढं तापलेलं इंजिन. सून गाडी कडेला घेऊन ते थंड व्हायची वाट बघायची आणि तेवढ्यात मागून तो हॉर्न. वर पोचल्यावर विहीणबाई मूठभर बेदाणे माझ्या हातावर ठेवायच्या. "घ्या हो, दमला असाल."

दमली होती गाडी, पण सांगणार कुणाला? मुलीकडच्यांनी मागंच राहायचं असतं. पंगतीला मागं, मानपानाला मागं. ते सगळं मी लग्नात निमूट केलं. पण घाटातसुद्धा? हे कुठल्या कायद्यात लिहिलंय, असं जावईबापूंना विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. बेदाणे तोंडात असल्यामुळं राहिलं.

मग एका गुरुवारी हॉटेलच्या मॅनेजरनं सुनेला बाजूला घेतलं. "मॅडम, पाहुणे पोहे खातायत आणि शेजारी तुम्ही माती झाडताय, हे बरं दिसत नाही. हा महिना बघतो. नाही जमलं तर दुसरं कुणी बघू." सून घरी येऊन गप्प बसली. या हॉटेलच्या जिवावरच तिनं यंदा रोपं दुप्पट केली होती. ती भांडली तर मी तिला पुरून उरते, पण गप्प बसली की माझा धीर सुटतो.

म्हणून मीच उपाय शोधायला लागले. फोनवर. तिथं एक लालबुंद गोरा माणूस पिकअपचं बॉनेट उघडून आत सुपरचार्जर बसवत होता. मला आधी वाटलं, फोनसारखं रात्री भिंतीला लावून ठेवायचं असेल. पण तीनदा बघितल्यावर कळलं. पट्ट्यावर फिरणारा तो एक पंखा. बाहेरची हवा जोरानं इंजिनात कोंबतो, की गाडीला दम येतो. अगंबाई, म्हणजे हा तर स्टोचा पंप!

आणि स्टोच्या पंपाचं नाव काढलं की माझी डावी भुवई अजून खाजते.

मी लग्न होऊन वाईला आले तेव्हा माझ्याएवढी हुशार मुलगी कृष्णेच्या दोन्ही काठांवर नाही अशी माझी खात्री होती. इतर कुणाची नव्हती, पण इतरांना विचारलं होतं कुणी? साताऱ्याहून यांच्या दोन आत्या नवी सून बघायला आल्या. मी बाहेर जाऊन जाहीर केलं, "पाच मिनिटांत चहा आणते." रॉकेलच्या स्टोला आधी काकडा लावून बर्नर तापवायचा, मग बेतानं पंप मारायचा, ही रीत. पण रीत मंद माणसांसाठी असते. माझ्यासारखीनं बर्नर तापायची वाट कशाला बघायची? मी पदर खोचून पंप मारत सुटले. वीस, तीस, मोजायचं सोडून दिलं. जितकी हवा टाकीत, तितकीच माझ्या डोक्यात. मग आत कोंबलेलं सगळं रॉकेल एकदम वर आलं आणि पिवळा भडका थेट आढ्याला. मी मागं उडी मारली म्हणून वाचले. भुवई वाचली नाही.

सासूबाई धावत आल्या, पंपाची चावी सोडली, स्टो शांत केला, मला आपादमस्तक बघितलं आणि एवढंच म्हणाल्या, "भांडं केवढं, जाळ केवढा."

पुढची अक्कल माझीच. काजळाच्या डबीत बोट घालून मी भुवई काढली. घाईत ती बोटभर वर गेली. आणि तशीच चहा घेऊन बाहेर आले. थोरल्या आत्या म्हणाल्या, "यंदा आमच्याकडं पाऊस बरा झाला हो." मी बघितलं. त्या चाचरल्या. "म्हणजे, अगदी फार नाही, पण झाला." धाकट्या म्हणाल्या, "आमच्या थोरल्याला बढती मिळाली." मी बघितलं. "खोटं नाही सांगत गं," त्या म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत चहाच्या वाफेनं काजळ ओघळून गालावर आलं, तेव्हा कुठं उलगडा झाला. आत्या पुन्हा आमच्याकडं आल्या त्या बारशालाच.

ही गोष्ट सुनेला मी स्वतःच सांगितली होती. चूकच झाली.

"आई, सुपरचार्जर वगैरे नको," ती म्हणाली. "तुम्ही एकदा हवा भरलीत तेव्हा काय झालं होतं?"

"तेव्हा मी वेडी होते."

"आणि आता?"

"आता माझ्याकडं पाटल्या आहेत. एक मोडते."

दुसरा उपाय तिच्याकडंही नव्हता, म्हणून आम्ही साताऱ्याच्या गॅरेजला गेलो.

गॅरेजवाल्याचे डोळे लकाकले. "आवं आजी, तुमाला कुठनं कळलं ह्ये? लय दिवसांची हौस हाय मला. आजवर कुनाला लावला न्हाई."

"म्हणजे पहिला प्रयोग आमच्यावर?" सून म्हणाली.

"तसं न्हवं ताई. खरं तेच सांगतो. हवा जास्त कोंबली की डिझेल बी वाढवाया लागतंय. डिझेल वाढलं की उष्णता वाढती. तुमचं इंजन जुनं. हेड गॅसकेट उडालं तर घाटातच मुक्काम. शिवाय आरटीओची परवानगी काडा, इमावाल्याला कळवा." मग माझ्याकडं वळून हळूच, "पर लावला ना आजी, तर गाडी पळंल बगा!"

झालं. ती काजळाच्या भुवईची पोरगी माझ्या आत उठून बसली, पदर खोचला आणि म्हणाली, लाव!

सुनेनं माझा हात धरला. "आई, हट्ट तुमचा, पण गाडी माझी आहे. ही बसली तर हॉटेल जाईल, आणि बाकीची गिऱ्हाइकंही जातील. लावू म्हणत असाल तर लावते. तुम्ही सांगा."

एवढं बोलून तिनं मला कोंडीत पकडलं. भांडली असती तर मी सरळ हो म्हटलं असतं. मी मधला मार्ग काढला. "बाबा रे, आत जागा आहे का तेवढी बघ. मोजायला काय जातंय?"

त्यानं बॉनेट उघडलं, टेप लावला, वाकला आणि तसाच थांबला. "ताई, ह्ये काय हो?"

इंजिन ज्या नळीतून हवा ओढतं, तिच्या तोंडावर काहीतरी घट्ट बांधलेलं होतं. त्यानं सुतळी कापली आणि चिमटीत धरून एक चिंधी वर काढली. दुहेरी, काळीकुट्ट, शेणखताच्या भुशानं पापडासारखी कडक झालेली. त्यानं ती झटकली. एका कडेला हिरवा काठ दिसला.

"हवाच जात न्हवती की आत! नाक दाबून घाट चढवताय व्हय गाडीला?"

सून काठाकडं बघत होती. "आई, हा काठ मी कुठंतरी पाहिलाय."

मीही पाहिला होता. ते लुगडं मी पंचवीस वर्षं नेसले होते. उन्हाळ्यात सून माहेरी गेली होती तेव्हा शेणखताचा ट्रक उतरला, धूळच धूळ, आणि मला वाटलं, बिचारीच्या नाकात जाईल. बिचारी म्हणजे पिकअप. मी हळद वस्त्रगाळ करणारी, पाणी गाळणारी, लोणच्याच्या बरणीला दादरा बांधणारी बाई. गाडीलाही बांधला. मायेनं! आणि साफ विसरले.

"आत जाळी असती आजी त्यासाठी," गॅरेजवाला म्हणाला. तो हसू दाबत होता. सून दाबतही नव्हती. स्टुलावर बसून डोळे पुसत होती.

त्यानं आतली जाळी बदलली, नळ्या साफ केल्या. मग जरा खट्टू होऊन विचारलं, "आन् त्यो सुपरचार्जर?"

"राहू दे," सून म्हणाली. त्या दिवशी माझ्या मताला गॅरेजमध्ये काही वजन उरलं नव्हतं. पाटली तेवढी हातात उरली.

पुढच्या गुरुवारी दुसरं वळण आलं आणि गेलं. तिसरं गेलं. मी मागं बघत होते, हॉर्न नाही. पावणेनऊला, पाहुणे नाश्त्याला यायच्या आत, आमच्या कुंड्या जागेवर होत्या आणि मॅनेजर घड्याळाकडं आणि सुनेकडं आळीपाळीनं बघत होता. "मॅडम, पुढच्या महिन्याचीही यादी देतो," तो म्हणाला. सूनबाईनं मला तिथंच, कामगारांसमोर, चिखलाच्या हातांनी मिठी मारली. माझी पांढरी साडी गेली. जाऊ दे.

बाहेर येतो तोच विहीणबाईंची गाडी पोचली. त्या उतरल्या, आमची रिकामी पिकअप बघितली. बेदाण्याची मूठ हातातच राहिली.

"आज लवकर?"

मी डावी भुवई वर केली. आता ती आपोआप जाते, काजळ लागत नाही. "सुपरचार्जर लावला," मी म्हणाले. "आमच्या साताऱ्याच्या गॅरेजवाल्यानं."

सुनेला जोराचा खोकला आला.

चार दिवसांनी गॅरेजवाल्याचा फोन. "आवं आजी, तुमचं जावई आल्यात, संगं त्यांच्या मातोश्री. ह्यांच्या गाडीला कंपनीचाच टर्बो हाय, त्यो बी हवाच कोंबतोय, तरी म्हनत्यात सुपरचार्जर बी लाव, आजींच्या गाडीला लावलाय तसलाच. म्या कवा लावला हो? आता काय सांगू ह्यास्नी?"

मी खिडकीतून बघितलं. सून लांब वाफ्यात वाकलेली होती.

"थांबवून ठेव त्यांना," मी हळूच म्हणाले. "अर्धं लुगडं अजून शिल्लक आहे माझ्याकडं."