ठमाबाईच्या सिमेंटच्या कुंड्या

आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या त्या वाडीत ठमाबाईइतकी संशयी बाई दुसरी नाही. वाडी हे तिला तोंडावर सांगते आणि ठमाबाई ते कौतुक समजून ऐकून घेते. दुकानातून आणलेली साखर ती घरी पुन्हा हातात तोलून बघते. डॉक्टरची गोळी आधी दाताखाली फोडून चाखते, मगच गिळते. नवरा अकाली गेला, तेव्हा भाऊबंदांनी रात्रीतून बांध सरकवायचे बरेच उद्योग करून पाहिले. ते फसले ते याच नजरेमुळे. त्यामुळे तिच्या संशयाला उगाच नावं ठेवायची माझी तरी छाती नाही.

तर दिवाळी झाल्यावर तिचा एकुलता मुलगा अक्षय मुंबईहून आला आणि त्याने शेणाने सारवलेल्या अंगणाला लादी बसवून घेतली. ठमाबाई कुरकुरली, पण सारवायला गुडघे वाकत नव्हते हेही खरं, म्हणून गप्प राहिली. लादीपायी अंगणाच्या कडेची अबोली आणि मोगरा मुळासकट काढावा लागला. तेव्हा सून दर्शना म्हणाली, "आई, आपण महाडवरून मस्त कुंड्या आणूया. हलक्या बघू, म्हणजे उचलायला सोप्या."

उचलायला सोप्या? ठमाबाईचे कान टवकारले. ज्याला जमीन नाही त्याने झाड कुंडीत लावावं. इथं घरामागे पार डोंगरापर्यंत माती पसरलेली, आणि या बाईला उचलायची कुंडी हवी. कुठंतरी पाणी मुरत होतं.

शेजारच्या बयाबाईचं असंच झालं होतं. आधी तिची म्हैस विकली. मग तिची तुळस आणि झेंडू रंगाच्या रिकाम्या डब्यांत घालून लेक टेम्पोतून मुंबईला घेऊन गेला. शेवटी बयाबाईला नेलं. पावसाळ्यापुरती जाते म्हणून गेली, ती आलीच नाही. आता दाराला कुलूप आहे आणि पडवीच्या वाशांना वाळवी. ठमाबाईला मुंबई नको होती. तिला याच घरात, याच उंबऱ्याच्या आत मरायचं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण एकदा सांगितलं की ते समोरच्याच्या हातात जातं असं तिचं मत होतं.

मग तिने दोघांवर पाळत ठेवली. दर्शना उपटलेल्या झाडांचे मोबाइलवर फोटो काढत होती. त्यांच्याशेजारी बसवून तिने सासूचाही एक काढला. झाडं आणि म्हातारी एकाच फोटोत कशाला? वर सून आल्यापासून गोड बोलत होती. सासू म्हणून ठमाबाईला तेवढा पुरावा पुरेसा होता.

काशीरामच्या टेम्पोतून तिघं महाडला गेली. काशीराम वाडीतलाच, त्यामुळे ठमाबाई त्याच्या शेजारी पुढे बसली आणि वाटभर मागे वळून बघत राहिली.

हायवेच्या कडेला कुंड्यांचं मोठं दुकान होतं. दर्शना थेट फायबरच्या कुंड्यांकडे गेली. "बघा ना आई, दगडासारख्या दिसतात आणि एका हातात उचलल्या जातात."

ठमाबाईने कुंडीला नख लावलं, वास घेतला, मग उचलून बघितली. "दिसायला दगुड नि उचलली तर पापड," ती म्हणाली. "जी वस्तू अशी खोटं बोलते ती माज्या दारात नको."

दुकानदाराने भाजलेल्या मातीच्या कुंड्या पुढे केल्या. मडकं घेताना मारतात तशी तिने टिचकी मारली आणि कान लावला. आवाज खणखणीत आला. एरवी तिने डोळे झाकून त्याच घेतल्या असत्या. पण मातीची कुंडी धडधाकट माणूस कडेवर घेऊन सहज टेम्पोत ठेवू शकतो, हेही तिच्या ध्यानात होतं.

"बद्द वाजते," ती ठाम म्हणाली. दुकानदाराचा चेहरा पडला.

"यातली सगल्यात जड कंची हाय?" तिने विचारलं.

असं विचारणारं गिऱ्हाईक त्या माणसाला बहुधा भेटलं नव्हतं. त्याने मागच्या बाजूच्या सिमेंटच्या कुंड्या दाखवल्या. बसक्या, काळपट, जाड काठाच्या. ठमाबाईने लेकाला हाक मारली, "उचल रे जरा."

अक्षयने कंबर वाकवली, तोंड लाल केलं आणि कुंडी जागची हलली नाही.

"हीच घे," ठमाबाई म्हणाली. "अशाच सगल्या घे."

दर्शनाने नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने टेम्पोकडे बघितलं. शेवटी फळी लावून, दुकानदार आणि काशीराम दोघांच्या मदतीने त्या कुंड्या चढल्या. वाडीत उतरवताना अर्धी वाडी जमा झाली. ठमाबाईने त्या अंगणाच्या तोंडाशीच, ओळीने मांडून घेतल्या. लगेच माती भरली, अबोली आणि मोगरा लावला, पाणी घातलं. आता मारुतीराया आला तरी त्याला विचार करावा लागला असता.

चहाच्या वेळी दर्शना पडवीच्या पायरीवर गाल फुगवून बसली होती. ठमाबाईला आता लपवायचं कारण उरलं नव्हतं.

"झाडं आदी न्यायची नि मग म्हातारी, व्हय ना? बयाबाईला नेली तशी. न्या आता."

"कुठं न्यायची?" दर्शना गोंधळली. मग तिच्या ध्यानात आलं. "मुंबईला? आई, अक्षय गाडी घेतोय. शिमग्याला येऊ तेव्हा ती अंगणात लावायची, म्हणून तर लादी घातली. गाडी आली की कुंड्या बाजूला करायच्या, गेली की परत मांडायच्या. म्हणून हलक्या म्हणत होते मी. आता गाडी राहील रस्त्यावर."

ठमाबाईने अक्षयकडे बघितलं. "म्हंजी मला न्यायचा इचार नवता?"

"तुला कुठं नेनार आये?" अक्षय हसला. "तिकडं आमालाच जागा पुरत नाय. तसं कदी मनात पन आलं नाय आमच्या."

घर राहिलं, उंबरा राहिला. ठमाबाईला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिला वाईट वाटलं, इतकं की हातातला चहा तसाच निवला. लेकाच्या बोलण्यात कुठं खोट सापडते का, हे तिने पुन्हा पुन्हा तपासून पाहिलं. सापडली नाही. तो अगदी खरं बोलत होता.

तिला जायचं नव्हतंच. पण कुणी एकदा विचारलं असतं, तर तिला नाही म्हणता आलं असतं.