काळोखातली हाक

“नवरा बुडाला ना? मग हा कॉफी कसा पितोय?” शोभाकाकूंनी पॉज दाबून मला विचारलं.

नवरा जिवंत होता. बुडाला होता बोटीवरचा स्वयंपाकी. चूक काकूंची नव्हती, आमची होती.

अमेरिकेत, एडिसनमधल्या एका छोट्या कंपनीत मी मराठी कॅप्शन्स तपासते. सबटायटलमध्ये फक्त संवाद असतात. कॅप्शन ऐकू न येणाऱ्यांसाठी असते. त्यात दार वाजलं, कोण बोललं, हेही लिहितात. काकूंना जवळजवळ ऐकू येत नाही, समोरच्याचे ओठ वाचतात. त्या आमच्या टेस्ट व्ह्यूअर, आधी पाहून कुठे अडतं ते सांगणाऱ्या.

हा चित्रपट फ्रेंच होता. एक श्रीमंत जोडपं मित्रांना घेऊन शिडाच्या बोटीने सहलीला निघतं. सोबत पगारी स्वयंपाकी. वादळात स्क्रीन काळी होते आणि कुणीतरी ओरडतं, “थांबा, मी इथे आहे.” ती हाक ऐकूनही बोट वळत नाही. पुढचा सगळा चित्रपट त्यावर उभा आहे. आणि कॅप्शनमध्ये त्या हाकेआधी लिहिलं होतं फक्त ‘पुरुष’.

मी माझ्या बॉसकडे, मिलिंदकडे गेले. तो मूळचा नागपूरचा.

“स्क्रीन ब्लॅक आहे यार. माणूस दिसत नसेल तर ‘पुरुष’. क्लायंटचा रूल आहे, आणि आज डिलिव्हरी आहे.”

“ऐकणाऱ्यांना कळतं कोण मेलं. काकूंना का कळू नये? हा अन्याय आहे.”

“झालं सुरू. तुझे आईबाबा तुला पाळण्यात मोर्च्यांची पत्रकं वाचून दाखवायचे का गं?”

“वाचायचे. पुढे त्या पत्रकांच्या घड्याही मीच घालायचे. आता डोळे मिट.”

हसत हसत त्याने मिटले. मी तेवढाच तुकडा लावला.

“कोण ओरडलं?”

“स्वयंपाकी. तो घोगरा आवाज...” मिलिंद थांबला. डोळे उघडून म्हणाला, “क्लायंटला मी फोन करतो. तू लेबल बदल. फक्त लेबल. त्याच्या तोंडी भाषण घालू नकोस.”

क्लायंट ‘ओके’ म्हणाला. मी ‘पुरुष’ खोडून ‘स्वयंपाकी, दुरून’ लिहिलं.

काकूंनी तो भाग पुन्हा पाहिला.

“सोडून आले मेले त्याला,” त्या म्हणाल्या. “नाव काय गं त्याचं?”

“चित्रपटात कुणीच घेत नाही, काकू.”

“मग तू तरी लिही.”

फार मनात होतं. पण चित्रपटाने सांगितलं नाही ते आम्ही सांगायचं नसतं. सांगितलेलं गाळायचंही नसतं, हे आता मिलिंदच नव्या लोकांना सांगतो. आधी डोळे मिटायला लावतो.